शेवटचं चार टक्के पाणी

करमाडच्या पंपावर बाईकमध्ये लिटरभर पेट्रोल टाकलंत, तर त्यातलं साधारण २०० मिली असतं इथेनॉल. उसाच्या मळीपासून, रसापासून किंवा मक्यापासून केलेलं. हे इथेनॉल किमान ९९.५ टक्के शुद्ध लागतं. त्यात पाणी जास्त राहिलं, तर ते इथेनॉलला सोबत घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. मग बसा किक मारत!

तुम्ही म्हणाल, पाणी १०० अंशांना उकळतं, इथेनॉल ७८ ला. उकळा आणि वेगळं करा की! पण इथेनॉल ९५-९६ टक्क्यांवर पोचलं, की पुढे दोघांची वाफ त्याच प्रमाणात एकत्र निघते. कितीही उकळा, शेवटचं चारेक टक्के पाणी हटत नाही.

ते हटवतो झिओलाइट. आपल्याकडे विहीर खोदताना काळ्या कातळाच्या पोकळीत पांढरे-गुलाबी स्फटिक सापडतात ना? त्यातले बरेचसे झिओलाइटच. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेड यांनी असा दगड तापवला, तर त्यातून वाफ निघाली. म्हणून ग्रीक शब्द जोडून त्यांनी नाव दिलं, ‘उकळणारा दगड’. ते पाणी असतं त्याच्या सूक्ष्म छिद्रांत.

डिस्टिलरीत मात्र मुद्दाम बनवलेला झिओलाइट वापरतात. त्याचं छिद्र मिलिमीटरच्या एक कोटी भागांपैकी जेमतेम तीन भागांएवढं. पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा अडतो. सध्या त्याच्या गोळ्या टॉवरमध्ये भरतात. एक टॉवर पाणी शोषतो, तोवर दुसरा वाळवावा लागतो. त्यात ऊर्जा जाते.

यावर उपाय म्हणजे झिओलाइटचा पडदा. सिरॅमिकच्या नळीवर याच स्फटिकांचा पातळ थर चढवायचा. एका बाजूला इथेनॉल, दुसऱ्या बाजूला निर्वात पोकळी. पाणी सतत आरपार जातं, वाळवण्यासाठी थांबणं नाही. जपानमध्ये असे पडदे वीसहून जास्त वर्षं कारखान्यांत आहेत. अडचण एकच. दोन स्फटिकांमध्ये बारीकशी फट राहिली, तरी इथेनॉल निसटतं. बिनफटीचा थर बनवणं अवघड, म्हणून पडदा महाग.

इंधन बनवायला किती इंधन जाळायचं, हा खरा प्रश्न आहे. बीएस्सी किंवा केमिकल इंजिनिअरिंगवाल्यांनो, स्वस्त, न फुटणारा पडदा कोणीतरी बनवायचाय. करमाडहून जालना रोडनं सरळ गेलात, तर जालन्यात आयसीटीचा कॅम्पस आहे. सुरुवात तिथूनही होऊ शकते!