‘फान्मी इमेन’ : बासरी आणि पियानोची एक छोटी रचना

पाश्चात्त्य संगीतात ‘चेंबर म्युझिक’ म्हणजे मोजक्या वादकांनी, संचालकाविना, एकमेकांचे ऐकत वाजवावयाचे संगीत. येथे प्रत्येक भाग एकच वादक वाजवितो. चूक लपविण्यास जागा नसते. अशाच एका अलीकडच्या रचनेचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

व्हॅलेरी कोलमन या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार स्वतः बासरीवादक आहेत. जन्म १९७०, केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरी. १९९७ मध्ये त्यांनी ‘इमानी विंड्स’ हा पाच वादकांचा संच स्थापिला. २०१८ मध्ये तरुण बासरीवादकांच्या एका राष्ट्रीय स्पर्धेसाठी त्यांनी ‘फान्मी इमेन’ रचिली. तिची प्रेरणा माया अँजेलो यांची ‘ह्यूमन फॅमिली’ ही कविता. माणसामाणसांतील भेद मोकळेपणाने मोजून ती अखेर साम्यावर येते.

परंतु कोलमन यांनी हे शीर्षक इंग्रजीत ठेविले नाही. ते हैतीच्या क्रेओल भाषेत नेले. ही निवड आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांच्या तोंडी मालकांची फ्रेंच बदलत गेली आणि ही भाषा घडली. ‘फान्मी’ आणि ‘इमेन’ हे दोन्ही शब्द मूळचे फ्रेंचच. त्याच लोकांनी उठाव करून १८०४ मध्ये स्वतंत्र हैती उभारले; क्रेओलला मात्र राजभाषेचा दर्जा मिळण्यास १९८७ उजाडावे लागले. (आमच्या विद्यार्थ्यांना फ्रेंच राज्यक्रांती तोंडपाठ असते, हैतीची क्वचितच.) ज्यांना माणूस म्हणून मोजले गेले नाही, त्यांच्या बोलीत ‘मानवकुटुंब’ हा शब्द उच्चारला की त्याचे वजन बदलते.

संगीतातही तसेच घडते. फ्रेंच बासरीसंगीताच्या तरल वळणाबरोबर आशियाई आणि आफ्रिकी सुरांचे धागे त्यात गुंफलेले आहेत. पियानो येथे केवळ साथीला नाही. तो प्रश्न करतो, उत्तरही देतो. ही बासरी आपल्याकडील वेळूची नव्हे. ती बहुधा चांदीची, कळांची असते. तरीही तिची गणना काष्ठवाद्यांतच होते, कारण पूर्वी ती लाकडाची असे. फुंकर छिद्राच्या कडेवर दुभंगते आणि नाद उमटतो. तत्त्व मात्र वेळूचेच.

१९०० मध्ये स्थापन झालेल्या फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने हयात कृष्णवर्णीय स्त्रीकडून शास्त्रीय रचना प्रथमच मागविली, ती याच कोलमन यांच्याकडून. ती ‘उमोजा’ २०१९ मध्ये वाजविली गेली. ‘उमोजा’ हा स्वाहिली शब्द, अर्थ, एकता.