दृष्टीआड सृष्टी

तीस वर्षांपूर्वी मी ज्या कचेरीत कारकून होतो, तिथे साहेबांची काचेची केबिन होती. त्यांनी मान वर केली की आमच्या माना फायलींत जात. मस्टरवरची सही, लेटमार्क आणि साहेबांची नजर, एवढंच कामाचं मोजमाप. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि अशा असंख्य केबिनींतली काच निकामी झाली. डोळ्यांसमोर नसलेल्या माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, हा प्रश्न घरोघरी गेला. शांघायमध्ये मात्र त्याचा अभ्यास दहा वर्षं आधीच सुरू झाला होता.

सीट्रिप या प्रवासव्यवस्था कंपनीचे एक संस्थापक जेम्स लियांग आणि स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांनी २०१० च्या अखेरीस एक प्रयोग मांडला. फोनवर ग्राहकसेवा देणारे २४९ इच्छुक कर्मचारी निवडले. सम जन्मतारखेच्या लोकांनी आठवड्यातले चार दिवस घरून काम करायचं, विषम तारखेच्यांनी कचेरीतून. नऊ महिन्यांत घरच्या गटाचं काम १३ टक्क्यांनी जास्त भरलं. त्यातला मोठा वाटा कमी रजा आणि कमी विश्रांतीचा होता. नोकरी सोडणारेही निम्म्यावर आले.

तरीही दोन गोष्टी खुपतात. तेवढंच काम करूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. आणि प्रयोग संपल्यावर त्यांच्यातले सुमारे निम्मे कचेरीत परतले. घरचा एकटेपणा हे त्यामागचं मोठं कारण होतं.

२०२१-२२ मध्ये याच कंपनीत, आताच्या ट्रिप डॉट कॉममध्ये, १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग झाला. या वेळी एका गटाला फक्त बुधवार आणि शुक्रवार घरून कामाची मुभा होती. राजीनामे एक तृतीयांशाने घटले. पुढच्या दोन वर्षांत कामाच्या मूल्यमापनात किंवा बढतीत फरक पडला नाही. बदल झाला तो साहेबांच्या मनात. घरून काम केल्याने उत्पादकता २.६ टक्क्यांनी घटेल, असा व्यवस्थापकांचा सरासरी अंदाज आधी होता. अनुभवानंतर ती एक टक्क्याने वाढते, असं ते सांगू लागले.

माझ्या वाचनातून निघालेला अर्थ असा. त्या कंपनीत दर सहा महिन्यांनी कामाचं तपशीलवार मूल्यमापन होत असे, म्हणून नजरेची जागा घ्यायला काहीतरी होतं. जिथे तसं नाही, तिथे साहेबाला आधी काम काय, कधीपर्यंत आणि कसं झालं म्हणजे झालं, हे लिहून द्यावं लागेल. कचेरीचे दिवस सगळ्यांचे एकच ठेवावे लागतील; नाहीतर आलेला माणूस रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून पुन्हा फोनवरच बोलणार. कामाशिवायची विचारपूसही आठवणीने करावी लागेल, कारण चहाच्या टपरीवर ती आपसूक व्हायची.

‘दृष्टीआड सृष्टी’ म्हणून आपण पुष्कळदा सोडून देतो. बढतीची यादी करताना मात्र साहेबाने थांबून बघावं: आपल्याला चटकन आठवली ती नावं कामामुळे आठवली, की रोज समोर दिसतात म्हणून?