तंबू टाकण्याआधी तिथी बघा

गेल्या वर्षी, २०२४ च्या डिसेंबरअखेरीस, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेली फेरारी बैलगाडीनं ओढून काढली, तो व्हिडिओ घराघरांत फिरला. यंदा जुलैत सुरतेच्या डुमस किनाऱ्यावर मर्सिडीज गाळात बसली. दोन्ही वेळा चर्चा झाली ती गाडीच्या किमतीची. किनाऱ्याचं काय, हा प्रश्न तसाच राहून गेला. फेरारी रुतली त्या दिवसांत सोमवती अमावास्या होती, म्हणजे समुद्र उधाणाचा होता. बातम्या वाचताना ही गोष्ट किती जणांच्या लक्षात आली असेल?

येत्या बुधवारी ३१ डिसेंबर आहे. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूरहून गाड्या समुद्राकडे निघतील. हॉटेलांचे दर पाहता टपावर तंबू बांधून किंवा मागं छोटा ट्रेलर जोडून निघणाऱ्यांत आता तरुणांबरोबर लेकुरवाळी कुटुंबंही असतात. मला याचा मनापासून आनंद आहे. चार भिंतींच्या खोलीत राहून समुद्र नुसता दिसतो, तंबूत झोपलं तर तो रात्रभर ऐकू येतो. फक्त तंबू कोणत्या कंपनीचा आणि किती माणसांचा, याची चौकशी करण्याआधी त्या दिवशी तिथी कोणती आहे ते बघा. समुद्राकाठच्या मुक्कामाचं सगळं गणित तिथून सुरू होतं.

तिथीची पाऊणपट

कोकणातले कोळी आणि जलदुर्ग पाहणारे भटके एक तोंडी हिशेब करतात. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर दुपारी पाणी हटलेलं हवं, म्हणून अष्टमीच्या आसपासचा दिवस निवडतात तो याच हिशेबानं.

हे जुळतं कसं? चंद्र रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. आपली तिथी चंद्रावरच चालते, त्यामुळे घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर हेच भरतीचं ढोबळ वेळापत्रक होतं. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात चांगला बसतो. दक्षिणेला रत्नागिरी-मालवणकडे भरती तासभर आधी येते. नेमक्या वेळा आणि उंची हवी असेल तर सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरतीची कोष्टकं छापतं, आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते. दोन्ही बघावंच, पण मोबाइलला रेंज नसेल तिथं पाऊणपट कामाला येते.

आता ३१ डिसेंबरचं उदाहरण घ्या. त्या दिवशी पौष शुद्ध द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी नऊला भरती, दुपारी तीनला ओहोटी, रात्री नऊला पुन्हा भरती. धुळ्याहून पहाटे निघालेलं कुटुंब जेवणखाण उरकून अलिबागच्या बाजूला पोहोचणार दुपारी तीन-चारला, नेमकं ओहोटीच्या वेळी. किनारा तेव्हा सगळ्यात रुंद, वाळू सपाट, पाणी लांब. तंबू तिथंच टाकावासा वाटतो. आणि रात्री नऊला, पानं वाढायच्या वेळी, पाणी दाराशी येतं.

यात आणखी एक मेख आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दिवसाची आणि रात्रीची भरती सारख्या उंचीची नसते. पावसाळ्यात दुपारची भरती मोठी असते, म्हणून मुंबईत तिचे इशारे येतात. हिवाळ्यात उलट होतं आणि रात्रीची भरती मोठी येते. सकाळच्या भरतीनं वाळूवर ओढलेली ओली रेघ बघून ‘पाणी इथपर्यंतच येतं’ असं ठरवणारा माणूस डिसेंबरात हमखास फसतो, कारण रात्रीचं पाणी ती रेघ ओलांडून जातं.

यंदा तर योगही तसाच आहे. ३ जानेवारीला पौर्णिमा आहे. १ आणि २ जानेवारीच्या मधल्या रात्री चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बिंदूवर असेल, आणि पृथ्वीही याच दिवसांत सूर्याच्या सर्वांत जवळ असते. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात. नववर्षाचा पहिला शनिवार-रविवार किनाऱ्यावर काढणाऱ्यांनी हे उधाण गृहीत धरूनच जावं.

आपला जवळचा समुद्र वेगळा आहे

खानदेशाचा जवळचा समुद्र गुजरातेत आहे. जळगाव-धुळ्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ सुरू होतो तोच मुळी हजिऱ्याला, समुद्राच्या शेजारी. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहणारी तापी आपल्या शेतांना लागून जाते आणि डुमसपाशी समुद्राला मिळते. धुळ्याहून कोंडाईबारी घाट उतरून नवापूर, व्यारा, बारडोली केलं की सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास सुरत येतं. त्यामुळे डुमस, सुवाली, उभराट, दांडी, तिथल हे किनारे आपल्याला दोन दिवसांच्या सुट्टीत जमतात.

पण कोकणातला अंदाज इथं चालत नाही. गोवा-रत्नागिरीकडे मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत दोन-अडीच मीटरचा फरक पडतो. मुंबईला उधाणाच्या दिवशी तो साडेचार मीटरच्या घरात जातो. खंबातचं आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं आहे. शिरलेलं पाणी कडेनं दाबलं जाऊन वर चढत जातं आणि भावनगरला हा फरक दहा मीटरच्या वर पोहोचतो. सुरतेचा किनारा या आखाताच्या तोंडापाशी आहे. शिवाय उतार अगदी मंद. शंभर मीटरला एक मीटर उतार धरला, तरी पाच मीटर चढणारं पाणी अर्धा किलोमीटर आत येतं. ओहोटीला उघडा पडणारा तो पट्टा वरून सुकलेला दिसतो, खाली तापीनं आणलेला गाळ असतो. भरतीची वेळही इथं मुंबईच्या मागून असते, म्हणून पाऊणपट बाजूला ठेवून सुरत-हजिऱ्याचं कोष्टकच बघावं.

कोरड्या नाल्याच्या पात्रात बिऱ्हाड टाकायचं नाही, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. वर कुठं पाऊस झाला तर पूर येतो, हे बघत आपण मोठे झालो. ओहोटीचा किनारा हे तसलंच पात्र आहे, फक्त इथला पूर दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी येतो. माझं स्पष्ट मत आहे की डुमस-सुवालीच्या उघड्या किनाऱ्यावर तंबू टाकूच नये. दिवस तिथं घालवावा, रात्र गावात काढावी.

जागा, खुंटी, शेकोटी

कोकणात जागा निवडताना ओली रेघ सोडून वर चालत जा. काटक्या, शिंपले, सुकलेलं शेवाळ यांची जुनी, कोरडी रेघ लागते, ती मोठ्या उधाणाची खूण. तिच्याही वर जिथं जांभळ्या फुलांची मर्यादवेल वाळू धरून पसरलेली असते, तिथून पुढं तंबूचा विचार करावा. सुरूच्या बनाची मागची कड सगळ्यात चांगली, वारा अडतो आणि सावलीही मिळते. नारळाखाली मात्र झोपू नका. जागा बहुतेक वेळा कोणाची तरी वाडी असते किंवा ग्रामपंचायतीची, वन खात्याची. विचारल्याशिवाय खुंटी ठोकू नये.

आणि साधी खुंटी वाळूत टिकतही नाही. संध्याकाळी समुद्रावरून खारे वारे जोरात येतात, रात्री उशिरा जमिनीकडून मतलई वारे सुटतात. तंबूला दोन्ही बाजूंनी ओढ बसते. त्यावर उपाय आपल्या घरातच आहे. खताच्या रिकाम्या गोण्या बरोबर न्या. गोणीत अर्ध्यापर्यंत वाळू भरा, तोंड तंबूच्या दोरीनं आवळा, कोपरभर खोल खड्ड्यात ती आडवी ठेवून वरून वाळू दाबा. कितीही वारा येवो, ती हलत नाही. निघताना वाळू ओतून गोणी घडी करून परत आणायची. दमट हवेत पहाटे तंबूला आतून पाणी सुटतं, म्हणून वरची झडप थोडी उघडी ठेवावी. उन्हातान्हात तंबू ठोकलेल्या आपल्या माणसाला याची सवय नसते.

शेकोटीचं सांगायलाच हवं, कारण थंडीत भरीत पार्टी ही आपली हौस. शेतात काट्या पेटवून वांगी भाजतो तसं किनाऱ्यावर करायला जातो आणि उरलेल्या निखाऱ्यांवर पायानं वाळू लोटतो. वाळूखाली निखारा कित्येक तास धगधगता राहतो, आणि सकाळी अनवाणी धावणाऱ्या मुलाचा पाय पोळतो. निखारे पाण्यानंच विझवावेत, राख उचलून न्यावी. सुरूच्या बनात तर आग नकोच.

वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर याच महिन्यांत रात्री ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं आणि भाऊ काटदरे यांनी वेळासमध्ये गावाला बरोबर घेऊन हे काम उभं केलं. तिथले पाहुणे गावातल्या घरांत उतरतात आणि चार पैसे गावात राहतात. झगझगीत दिव्यांचा तंबू, ध्वनिवर्धक आणि वाळूवरची गाडी पाहून मादी अंडी न घालताच परत फिरते. या किनाऱ्यांवर तंबूचा हट्ट सोडावा.

ट्रेलर आणि धोरण

छोटा ट्रेलर हा कायद्यानं स्वतंत्र वाहन धरला जातो, त्याची आरटीओत वेगळी नोंदणी लागते. तो घेऊन कोंडाईबारी किंवा कसारा उतरायचा तर खालच्या गिअरमध्ये सावकाश, सारखा ब्रेक न दाबता. वाळूवर तो नेऊच नये. ट्रेलरच्या चाकांना स्वतःचा जोर नसतो, ती वाळू नांगरत मागं येतात आणि पुढची गाडीही बसते.

मग तो उभा करायचा कुठं? महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेले तळ उभारायचे, ही त्यातली कल्पना. केरळनं तसंच धोरण त्याच वर्षी नंतर आणलं. त्याआधी २०२० मध्ये आपल्या सरकारनं केळवा, बोर्डी, वरसोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर, तारकर्ली या आठ किनाऱ्यांसाठी कुटी धोरण जाहीर केलं. किनाऱ्यावर खाण्यापिण्याची सोय होणं चांगलंच, पण साध्या कुटुंबाला माफक पैशात तंबू टाकता येईल अशी नेमून दिलेली जागा प्रत्येक किनारी तालुक्यात हवी. तिथं भरतीच्या वेळांचा रोज बदलणारा फलक हवा, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. याला कोट्यवधी लागत नाहीत, एक फळा आणि खडू पुरतो.

हीच मागणी आपल्या तापीसाठीही आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी तंबूंचं गाव वसतं, घोडेबाजार बघायला लांबून लोक येतात. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ वर्षाचे कितीतरी महिने पालांत राहतात. तंबूचं शहाणपण खानदेशात भरपूर आहे. सारंगखेडा किंवा हतनूरच्या पाणवठ्याजवळ बारमाही तळ झाला, तर मुलांना पहिली रात्र तिथं काढता येईल आणि समुद्राची पाळी त्यानंतर येईल.

तोवर ज्यांना ३१ तारखेचा अट्टहास नाही, त्यांनी शनिवार, १० जानेवारी ठरवावा. त्या रात्री पौष वद्य अष्टमी आहे, भांगाची भरती, पाणी फार चढत नाही आणि फार हटतही नाही. पाऊणपट सहा, म्हणजे मध्यरात्रीला ओहोटी असेल आणि पहाटे उजाडताना भरती. तोवर गर्दी ओसरलेली असेल आणि थंडीही टिकून असेल.