कडा स्वच्छ आहेत का?

बँकेच्या सेवेत असताना काही वर्षे शाखा-तपासणीचे काम माझ्याकडे होते. हजारो नोंदींतून शंभर-दीडशे निवडायच्या, मूळ कागदांशी ताडून पाहायच्या आणि त्या बिनचूक निघाल्या की उरलेल्याही बिनचूक मानायच्या, अशी ती रीत. घोटाळा निघे तो बहुधा न निवडलेल्या नोंदीत. हा अनुभव मला निवृत्तीनंतर पुन्हा आठवला, तो एका रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात.

माझ्या थोरल्या वहिनींच्या नाकपुडीलगत मसुराएवढा काळसर, चकचकीत उंचवटा होता. घरात सर्वांनी तो मस समजून सोडून दिला. पुढे तो चिघळला, रक्त येऊ लागले आणि तपासणीत ‘बेसल सेल कार्सिनोमा’ हा त्वचेचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, जखम भरली. परंतु दीड वर्षाने त्याच व्रणालगत नवी गाठ उमटली. जुना अहवाल शोधून काढला, तेव्हा त्यात एक ओळ सापडली: एका बाजूची कड रोगमुक्त नाही. आयुष्यभर लोकांचे ताळेबंद वाचणाऱ्या मीही ती ओळ वाचली नव्हती.

हा कर्करोग शरीरात दूरवर क्वचितच पसरतो. मात्र जागच्या जागी तो पोखरत जातो. डोळ्याला दिसते त्यापलीकडेही त्याची मुळे गेलेली असू शकतात. म्हणून शल्यचिकित्सक दिसणाऱ्या गाठीभोवतीची काही मिलीमीटर निरोगी त्वचाही काढतात. पाठीवर हे सहज जमते. नाक, पापणी, ओठ येथे मात्र प्रत्येक मिलीमीटर मोलाचा. कमी काढावे तर रोग उरतो, अधिक काढावे तर चेहरा बिघडतो.

काढलेला तुकडा प्रयोगशाळेत जातो. तेथे प्रचलित पद्धतीत पावाच्या चकत्यांप्रमाणे त्याचे उभे काप घेतात. या पद्धतीत कडेचा शेकडा एकाहूनही कमी भाग प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली येतो. म्हणजे आमच्या शाखा-तपासणीसारखीच ही नमुना तपासणी!

यावर उपाय काढला तो अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या फ्रेडरिक मोहस यांनी. १९३० च्या दशकात काम सुरू करून १९४१ मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या आजच्या रूपात पातळ थर काढून त्याच्या कडांना रंग देतात, नकाशा आखतात आणि तो थर गोठवून असा कापतात की खालची व भोवतालची संपूर्ण कड दिसावी. जेथे रोग आढळेल तेवढ्याच जागी पुन्हा थर काढायचा. ही शंभर टक्के तपासणी होय. प्रथमच झालेल्या बेसल सेल कर्करोगात हिचे यश सुमारे ९९ टक्के मानले जाते. अडचण वेळेची: प्रत्येक फेरीला बराच वेळ लागतो आणि जखमेवर पट्टी बांधून रुग्ण वाट पाहत बसतो.

येथे प्रतिमा-तंत्र उपयोगी पडते. ‘कॉन्फोकल’ सूक्ष्मदर्शकाची कल्पना मार्विन मिन्स्की यांची. तिचे पेटंट १९६१ चे. त्वचेला न कापता, लेसरच्या प्रकाशाने तिच्यातील पेशी जागच्या जागी पाहण्याचे काम १९९५ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील वेलमन प्रयोगशाळेतून पुढे आले. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक मिलिंद राजाध्यक्ष. हे नाव मराठी वाचकाला आपलेसे वाटावे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन या प्रकाशात उजळून दिसते, हे त्या निबंधाने दाखवले. राजाध्यक्ष पुढे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात गेले आणि तेथे हे तंत्र शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेण्याचे काम झाले.

त्याचा उपयोग तीन टप्प्यांवर होतो. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेवर उपकरण टेकवून रोगाची सीमा आखता येते. चेहऱ्यावरील अस्पष्ट कडांच्या काळ्या डागांत हे विशेष मोलाचे ठरते. नुकत्याच काढलेल्या तुकड्याला रंगद्रव्य लावून, तो न गोठवता काही मिनिटांत पाहता येतो. आणि रक्त थांबवण्यासाठी वापरले जाणारे अॅल्युमिनियम क्लोराइड लावून उघड्या जखमेतच पेशींची केंद्रके उजळ करून उरलेला रोग शोधण्याचे प्रयोगही झाले आहेत.

मर्यादाही स्पष्ट आहेत. ही दृष्टी जेमतेम पाव मिलीमीटर खोल जाते. ‘ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी’ हे दुसरे तंत्र एक-दोन मिलीमीटर खोल पाहते, परंतु त्यात पेशी तितक्या स्पष्ट दिसत नाहीत. उपकरणे महाग आहेत आणि प्रतिमा वाचणारी डोळस माणसे हवीत. अंतिम निर्णय अजूनही काचपट्टी पाहणाऱ्या तज्ज्ञाचाच.

वहिनींच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत असे कोणतेही नवे उपकरण नव्हते. शल्यचिकित्सकांनी तुकडा गोठवून तपासायला पाठवला आणि अहवाल येईपर्यंत जखम शिवली नाही, एवढेच. ती घटका बाहेर बसून मोजताना मला तपासणीचा खरा अर्थ उमगला. आज त्या बऱ्या आहेत. नाकावर लहानसा व्रण आहे.

आपल्या सावळ्या त्वचेत हा रोग गोऱ्या लोकांपेक्षा कमी आढळतो. म्हणूनच तो ओळखण्यास उशीर होतो. महिनाभरात न भरणारी जखम, वारंवार रक्त येणारा उंचवटा, तळपाय वा नखाखाली वाढत जाणारा काळा डाग दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. घरी चुना वा तेजाब लावून मस जाळू नये. शस्त्रक्रिया झालीच तर अहवाल स्वतः वाचावा, जपून ठेवावा आणि डॉक्टरांना एकच प्रश्न आवर्जून विचारावा: कडा स्वच्छ आहेत का?

पेढीचा हिशेब आपण शेवटच्या पैशापर्यंत जुळवतो. घरच्या माणसाच्या अहवालाची शेवटची ओळही तेवढ्याच काळजीने वाचली पाहिजे.