उजेडातून जाणारा निरोप

आकाशवाणी पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं आणि आसपासच्या गावांत ७९२ किलोहर्ट्झ हा आकडा घरचा झाला. अशा केंद्राच्या मोठ्या प्रक्षेपकात हजारो व्होल्ट खेळतात. हुकूम देणारं नियंत्रण मात्र अनेकदा ५ व्होल्टवर चालतं. दोघांची थेट गाठ पडली तर नियंत्रण जळून खाक! म्हणून मध्ये इंटरफेस बोर्ड असतो. त्यावरचा ऑप्टोकपलर मला फार सुंदर वाटतो: एका बाजूला इवला एलईडी, समोर प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर. तार जोडलेली नाही. निरोप उजेडातून जातो. प्रक्षेपक थंड ठेवणारा पंखा थांबला किंवा त्याचं दार उघडलं, की खबर इथूनच पोचते आणि उच्चदाब तुटतो. तरीही कपॅसिटरमध्ये वीज उरते. दुरुस्ती करणाऱ्यांनो, आत हात घालण्याआधी अर्थिंगची काठी लावाच.