वाडीतील ओलावामापक घरच्या यंत्रणेला जोडताना

डहाणू तालुक्यातील कोसबाड, घोलवड, बोर्डी हा चिकूचा पट्टा. चिकूला हिवाळ्यात साधारण ३० दिवसांनी व उन्हाळ्यात १५ दिवसांनी पाणी देण्याची शिफारस केली जाते. तथापि हलक्या मुरमाड जमिनीत व भारी जमिनीत ओलावा सारखा टिकत नाही. ज्या बागायतदारांना आळ्यात ओलावामापक सेन्सर बसवून त्याचे आकडे घरी पाहावयाचे आहेत, त्यांच्यासाठी ही माहिती देत आहोत.

यासाठी होम असिस्टंट ही मोफत संगणक प्रणाली व एमक्यूटीटी ही संदेशपद्धती सोयीची आहे. ही पद्धती १९९९ साली दूरवरच्या तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली. सेन्सर आपला आकडा ठरावीक पत्त्यावर म्हणजे 'टॉपिक'वर पाठवितो. मधला 'ब्रोकर' टपाल कचेरीप्रमाणे तो संदेश मागणाऱ्याकडे पोचवितो. 'वाडी/पूर्व/ओलावा' असा टॉपिक सेन्सरमध्ये दिला असेल, तर होम असिस्टंटमध्येही तो तंतोतंत तसाच द्यावा. एका अक्षराचा फरक पडला तरी आकडा दिसत नाही, आणि चूक कोठे आहे हेही कोणी सांगत नाही.

स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर टक्के देत नाही, नुसता आकडा देतो. बहुधा माती कोरडी तितका आकडा मोठा. म्हणून आपल्याच वाडीची माती घेऊन एकदा पूर्ण वाळवून व एकदा पाण्याने तृप्त करून दोन्ही आकडे टिपावेत. उदाहरणार्थ, ते २६०० व १२०० आले, तर २६०० मधून आलेला आकडा वजा करून १०० ने गुणावे व १४०० ने भागावे. १९०० ला ५० टक्के येतात. हे गणित 'व्हॅल्यू टेम्प्लेट'मध्ये लिहावे. सेन्सरचा वरचा इलेक्ट्रॉनिक भाग मातीबाहेर व पाण्यापासून सुरक्षित ठेवावा.

आता मुख्य धोका. सेन्सरची बॅटरी संपली तरी पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो. तो ६० टक्के असेल, तर ऐन एप्रिलमध्ये झाडे तहानलेली असताना आपण निर्धास्त असतो. तो २० टक्के असेल आणि पंप त्यावर आपोआप चालत असेल, तर विहिरीचा तळ लागेपर्यंत मोटर फिरते. यावर 'एक्स्पायर आफ्टर' ही मुदत घालणे आवश्यक आहे. ही मुदत घातली नाही, तर आकडा कधीच शिळा ठरत नाही. सेन्सर दर १५ मिनिटांनी संदेश देत असेल, तर तिप्पट म्हणजे २७०० सेकंद ठेवावेत. पावसाळ्यात वायफाय अधूनमधून जाते, तेव्हा याहून कमी ठेवू नये. मुदत उलटताच सेन्सर 'अनुपलब्ध' दिसतो. त्या स्थितीत पंप बंद व्हावा व भ्रमणध्वनीवर सूचना यावी, अशी योजना करावी.

'लास्ट विल' या सोयीने संपर्क तुटल्याची बातमी मिळते, पण बॅटरी वाचविण्यासाठी मधूनमधून झोपणारा सेन्सर दर वेळी रीतसर निरोप घेऊन जातो. तेथे ती उपयोगी पडत नाही. तसेच आकड्याच्या संदेशाला 'रिटेन' लावू नये, अन्यथा प्रणाली पुन्हा सुरू होताच ब्रोकर जुनाच आकडा ताजा म्हणून हाती देतो.

जोडणी झाल्यावर सेन्सरची बॅटरी मुद्दाम काढून पाऊण तास वाट पाहावी. सूचना आली तरच पंप या यंत्रणेवर सोपवावा, आणि तरीही स्टार्टरवर स्वतंत्र टायमर ठेवावा.