बिब्बा, गोळी आणि नको तिथला डाग

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान. इथल्या हाल सातवाहनाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' स्त्री-पुरुषांच्या देहाबद्दल अजिबात लाजत नाही. आता त्याच गावात शिश्नावर डाग उठला, तर माणूस बायकोलाही सांगत नाही. मेडिकलवर जाऊन हळूच 'एखादी ट्यूब द्या' म्हणतो. बाहेरख्यालीचा संशय नको, एवढीच त्याला धास्ती. खरं कारण बऱ्याचदा अगदी सोज्वळ असतं.

उदाहरणार्थ, बिब्बा. नाथषष्ठीच्या यात्रेत जडीबुटीच्या पालांपुढे रेंगाळायची माझी जुनी खोड. तिथे बिब्ब्याचा ढीग दिसला की पाय निघत नाही. टाच भेगाळली, काटा मोडला, सांधा धरला की आपल्याकडे बिब्बा आठवतो. तो सुईला टोचून दिव्यावर धरला की काळं तेल गळतं. परीट याच रसानं कपड्यांवर खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर नेमकं त्या खुणांखालीच पुरळ उठलं होतं. हे तेल लागलेला हात न धुता माणूस लघवीला गेला, की बिब्बा तिथेही उततो. तिथली कातडी पातळ. सूज, फोड, आणि मग महिनोन्महिने न जाणारा काळा डाग. पुरळ एक-दोन दिवसांनी उठतं, म्हणून बिब्ब्यावर संशयच जात नाही. आंबा आणि काजू याच कुळातले. दिवाळीनंतर डिंकाच्या लाडवात पडणारी गोडंबीही बिब्ब्याच्याच पोटातली. ती काढणाऱ्या बायांचे हात पाहिले, की लाडू घशाखाली उतरत नाही.

दुसरी गुन्हेगार गोळी. जुलाबाची, तापाची, अंगदुखीची. एखाद्याला विशिष्ट औषध सोसत नाही. ते घेतल्यावर काही तासांत शिश्नमण्यावर लालसर-जांभळा चट्टा उठतो, बरा होताना काळसर खूण ठेवतो. पुढच्या वेळी तीच गोळी, तीच जागा! कातडीत दबा धरून बसलेल्या रोगप्रतिकारक पेशी औषध ओळखतात आणि तिथेच तुटून पडतात. ब्रोक या फ्रेंच डॉक्टरनं १८९४ मध्ये या विकाराला नाव दिलं. कोट्रायमॉक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, ऑर्निडाझोल, वेदनाशामकं ही नेहमीची नावं. गोळी बायकोनं घेतली आणि संबंधानंतर चट्टा नवऱ्याला उठला, अशाही नोंदी वैद्यकात आहेत. घरात केवढं महाभारत होत असेल!

बाकीचं थोडक्यात. वयात येताना ही कातडी काळवंडतेच, ते नैसर्गिक. पांढरा, मऊ डाग बहुधा कोडाचा. पांढरेपणाबरोबर कातडी चिवट होऊन मागे सरेनाशी झाली, तर तो लायकेन स्क्लेरोसस. त्यात मूत्रमार्ग आवळू शकतो, क्वचित कर्करोगही होतो. लाली-खाज वारंवार येत असेल तर बहुधा बुरशी, आणि तिच्यामागे मधुमेह असू शकतो, म्हणून साखर तपासा. न दुखणारी जखम सिफिलिसची असू शकते. न भरणारा लाल चट्टा, गाठ किंवा रंग-आकार बदलणारा काळा डाग असेल, तर तुकडा काढून तपासणीच हवी.

स्टेरॉइडची मिश्र मलमं मनानं लावू नयेत, असं माझं ठाम मत. कातडी विरते आणि मूळ रोग ओळखू येत नाही. घाटी या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जाताना आधीच्या पंधरवड्यात घेतलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, बायकोच्याही. आणि बिब्बा लावला असेल तर तेही सांगा.